पाचर काढू का?

८ जुलै २०२४, सोमवार

ही डायरी जानेवारीत एका नटबोल्टवाल्या सप्लायरने दिली, तेव्हापासून ड्रॉवरमध्ये कोरी पडली होती. आज मुहूर्त लागला.

रोहित सर पुण्याला कसल्याशा दोन दिवसांच्या शिबिराला जाऊन आले. नाशिकच्या अंबडमधली ही फॅक्टरी त्यांच्या वडिलांनी उभी केली, तीन वर्षांपासून हे बघतात. वय चौतीस, डोक्यात रोज नवं खूळ. सकाळी मला केबिनमध्ये बोलावलं आणि म्हणाले, "आहेर साहेब, कामाशिवाय आपल्या लोकांना काय काय येतं, माहीत आहे का आपल्याला?"

मी म्हटलं, "चहाची दहा मिनिटं पंचवीस करता येतात."

हसले. मग शिबिरात ऐकलेलं सगळं माझ्यावर ओतलं. ज्याला गाणं येतं, चित्र येतं, त्याला कंपनीने जागा द्यावी, वेळ द्यावा. माणूस कामातही खुलतो, दांड्या कमी होतात, सोडून जात नाही. हेच मी अकरा वर्षं घसा कोरडा करून सांगतोय. म्हणायला एच. आर. मॅनेजर, प्रत्यक्षात हजेरी, कॅन्टीन, गणवेश आणि सगळ्यांच्या शिव्या माझ्याकडे. पिकतं तिथे विकत नाही हेच खरं.

सातपूरच्या माझ्या जुन्या कंपनीत आम्ही कामगार नाट्यस्पर्धेला नाटक बसवायचो. तालमीला कंपनीची शेड, कंपनीचा चहा. मी कायम हवालदार. एका वर्षी नाटकात कॅन्टीनच्या पाण्यावर एक झणझणीत वाक्य होतं. मोठे साहेब पहिल्या रांगेत बसून पोट धरून हसले आणि आठ दिवसांत टाकी धुतली गेली. त्या कंपनीला टाळं लागलं तेव्हा आम्ही गेटवर रडलो, ते नुसतं नोकरीसाठी नव्हतं.

तर ठरलं. दर बुधवारी पहिली शिफ्ट सुटल्यावर कॅन्टीनमध्ये एक तास. नाव मी दिलं, कलाकट्टा. घरी बायकोला सांगितलं. मोहिनी भाकरी थापता थापता म्हणाली, "म्हणजे हवालदार परत येणार म्हणायचा."

२४ जुलै, बुधवार

पहिला कट्टा. आले आठ, त्यातले पाच फुकटच्या वड्यासाठी. वडे संपले, पाच गेले. उरले ते खरे.

स्टोअरचा सावळीराम भारूड म्हणतो. आवाज असा की पत्रे थरथरावेत. पत्रा ठोकायच्या प्रेसवरची तेजल मेंदी काढते. पोरगी चोवीसची, मूळ सटाण्याकडची, आईला घेऊन चुंचाळ्यात राहते. लग्नसराईत नवरीची मेंदी काढायला तिला सिडकोपासून ओझरपर्यंत बोलावणं असतं म्हणे, आणि मी तिला दोन वर्षं फक्त टोकन नंबर म्हणून ओळखत होतो. लाज वाटली थोडी.

तिसरा गोरक्ष. तोही प्रेसवालाच, कळवणकडचा. गावी ट्रॅक्टरच्या ट्रॉल्यांवर नावं आणि वाघ रंगवायचा. बोलण्यात महाकंजूष. चलनाच्या पाठकोऱ्या कागदावर बॉलपेनाने त्याने आमचं प्रेस शॉप काढून आणलं होतं. मी बघतच राहिलो. तेलाचे डाग, भिंतीवरचं 'सुरक्षा प्रथम', त्यातल्या 'प्र'चा उडालेला रंग, सगळं जिथल्या तिथे. याच्या नजरेतून काही म्हणता काही सुटत नाही.

कंपनीतर्फे त्याला कागदांचा गठ्ठा आणि रंगांची पेटी दिली. त्याने पेटी उघडली, वास घेतला आणि बंद केली.

७ ऑगस्ट, बुधवार

गोरक्ष तेजलचं चित्र करतोय. ती चार नंबरच्या प्रेसवर उभी आहे, डावा तळवा बटणावर, उजव्या हातात पत्र्याचा तुकडा, दोन्ही हातांवर कोपरापर्यंत मेंदी. अजून नुसतं पेन्सिलीचं आहे, पण हात असे की नखं मोजून घ्यावीत.

मी चष्मा वर सरकवून बघत होतो. तो बाजूला उभा. एकदम म्हणाला, "साहेब, उजव्या बटणात पाचर हाय. लाकडाची, लाल."

"बरं."

"लय दिवसांची हाय."

"बरं, मग?"

"काढू का?"

आता घ्या. एवढा मोठा कलाकार आणि मला विचारतोय, हे काढू का आणि ते काढू का. आमचे जुने दिग्दर्शक म्हणायचे, कलाकाराला विचारायची सवय लागली की तो मेला. मी त्याच्या पाठीवर थाप मारली. "काढ. बिनधास्त काढ. कुणाला विचारायचं नाही. कोणी काही बोललं तर माझं नाव सांग."

"नक्की ना साहेब?"

"अरे बाबा, नक्की."

त्याचा चेहरा असा उजळला की मलाच भरून आलं. तेजलही हसली, मान हलवून त्याला काहीतरी खुणावलं. माणसाला उभं करायला काय लागतं, दोन शब्द लागतात. आमच्या साहेबलोकांना तेवढेही जड होतात.

८ ऑगस्ट, गुरुवार

आज गंमतच झाली. गंमत आता म्हणतोय, सकाळी घाम फुटला होता.

साडेअकराला खैरनार माझ्या टेबलावर हात आपटत आला. खैरनार म्हणजे प्रॉडक्शन मॅनेजर, आवाज कायम टिपेचा. "आहेर, प्रेस शॉप तुम्ही चालवता की मी?"

झालं होतं असं. सातला शिफ्ट सुरू होताच गोरक्षने चारही प्रेसच्या बटणांतल्या पाचरी उपटून कचऱ्याच्या डब्यात टाकल्या. सुपरवायझरने विचारलं तर म्हणाला, आहेर साहेबांनी सांगितलंय.

मला पाचर म्हणजे काय हेच धड ठाऊक नव्हतं. खैरनारने समजावलं. प्रेसला दोन बटणं असतात. दोन्ही हात दोन्ही बटणांवर असले तरच वरचा साचा खाली येतो, म्हणजे हात मध्ये सापडायचा प्रश्न नाही. पण मग प्रत्येक तुकड्याला दोन्ही हात अडकतात आणि माल निम्मा निघतो. म्हणून उजव्या बटणात लाकडाची पाचर ठोकून ते दाबलेलंच ठेवायचं. डाव्या हाताने बटण, उजवा हात माल लावायला मोकळा. "सगळीकडे असंच चालतं," म्हणाला. "दुपारी गाडी भरायची आहे आणि इथे निम्मा माल नाही. तुम्ही सांगितलंत का त्याला, हो की नाही?"

गोरक्ष दारातच उभा होता.

मी खरं होतं तेच सांगितलं. मी चित्राचं बोललो होतो, मशीनचं नाही. चित्रात काढ म्हणालो, मशीनमधून काढ असं कुठे म्हणालो? खैरनार आधी थबकला, मग खो खो हसला. मीही हसलो. आपली मराठी पण काय भाषा आहे, काढणं म्हणजे रेखाटणंही आणि उपटणंही. गोरक्ष हसला नाही. "बरं साहेब," म्हणाला आणि गेला.

जेवणाच्या सुट्टीआधी पाचरी परत बसल्या. खैरनार म्हणत होता, असले कट्टेबिट्टे बंद करा, पण मी सांभाळून घेतलं. प्रॉडक्शनचं प्रॉडक्शनवाले जाणोत, मी हजेरीवाला, उगाच कशाला नाक खुपसू? कट्टा वाचला हे महत्त्वाचं. असो. घोळ मिटला.

११ ऑक्टोबर, शुक्रवार

उद्या दसरा, म्हणून आज मशीनपूजा. कॅन्टीनच्या भिंतीवर गोरक्षच्या चौदा चित्रांचं प्रदर्शन मांडलं. रोहित सरांचे वडीलही येऊन गेले, दहा मिनिटं हातात काठी धरून एकेक चित्र बघत होते. सावळीरामाने भारूड म्हटलं. तीन महिन्यांत दांड्या खरंच कमी झाल्यात, मी हजेरीपट काढून रोहित सरांना दाखवला. शिबिरवाले अगदीच थापा मारत नव्हते.

प्रेस धुऊनपुसून झेंडूच्या माळा घातल्या होत्या. तेजल चार नंबरला हळदकुंकू लावत होती. साच्याला लावलं, डाव्या बटणाला लावलं, आणि उजव्यातल्या त्या पाचरीलाही लावलं.

मी म्हटलं, "हिला पण?"

म्हणाली, "हिच्याच हातात आहे साहेब सगळं."

पोरगी हजरजबाबी आहे. घरी येऊन मोहिनीला सांगितलं, ती हसली नाही, तिला कदाचित कळलं नसेल.

तेजलचं चित्र पूर्ण झालंय. गोरक्षने खाली स्वतःच्या अक्षरात नाव लिहिलंय, 'पाचर'. लाल रंग जरा जास्तच भडक दिलाय. नजर आधी तिथेच जाते.

२६ नोव्हेंबर, मंगळवार

कंपनीचं कॅलेंडर यंदा गोरक्षच्या चित्रांचं. कल्पना माझी, पण श्रेय रोहित सर घेतायत, घेऊ देत.

बारा चित्रं निवडायला बसलो तर खैरनारने तेजलच्या चित्रावर बोट ठेवलं. "हे नको. दुसरं नाही का एखादं? देवळाबिवळाचं?" का नको विचारलं तर धड सांगेना. गाढवाला गुळाची चव काय. मी हट्टाने घेतलं, फेब्रुवारीला लावलं. रोहित सरांनाही तेच सगळ्यात आवडलं, म्हणाले मेंदी काय सुंदर आलीय.

नाव मात्र बदलावं लागलं. ग्राहकांच्या केबिनमध्ये लागणार कॅलेंडर, त्यावर 'पाचर' बरं दिसतं का? एखाद्याच्या कामात पाचर मारली म्हणतो आपण. अपशकुनच तो. मी 'एकाग्रता' केलं.

गोरक्षला सांगितलं. "तुमी म्हणाल तसं," म्हणाला. जाता जाता परत वळला. "साहेब, चित्र बघून कुणी काय इचारलं नाय का?"

"अरे, सगळे वा वा करतायत."

तसाच गेला. कलाकारांचं असंच असतं, कितीही कौतुक करा, कमीच.

१ जानेवारी २०२५, बुधवार

नवी डायरी मिळाली नाही. हिचीच जानेवारीपासूनची पानं कोरी आहेत, २०२४ खोडून २०२५ करून लिहितोय.

कॅलेंडरं वाटली. अंबडमधल्या तीन कंपन्यांचे फोन आले, हा कलाकार कोण म्हणून. उद्योजकांच्या एका सभेत रोहित सरांना भाषणाला बोलावलंय, 'कामगारांतला कलावंत जपा' असा विषय. भाषण अर्थात मीच लिहून देणार.

एक कॅलेंडर आमच्या स्वयंपाकघरात लागलं. मोहिनीने पानं उलटून बघितली. फेब्रुवारीवर थांबली. "हे लाल काय आहे?"

"पाचर आहे ती."

"बटणात पाचर कशाला?"

"तुला नाही कळायचं, प्रॉडक्शनचं आहे ते."

"मग बाईचा हात आत आणि हे असं..." म्हणाली, आणि कुकरची शिट्टी झाली.

४ फेब्रुवारी, मंगळवार

दुपारी पावणेदोन. चार नंबरचा प्रेस. तेजलचा उजवा हात.

गोरक्षने मशीन बंद केलं. त्यानेच तिला उचललं. मी गाडीत पुढे बसलो तेव्हा माझ्या हातात हजेरीचं रजिस्टर होतं. का उचललं होतं कोण जाणे.

मोहिनीने शर्ट भिजत घातलाय. झोप येणार नाही.

५ फेब्रुवारी, बुधवार

डॉक्टरांनी बाहेर येऊन सांगितलं, मनगटापासून काढावा लागला.

पत्रा तिरका बसला म्हणून सरळ करायला तिने उजवा हात आत घातला आणि सवयीने डाव्याने बटण दाबलं गेलं. दिवसभरात दीड-दोन हजार वेळा दाबतात ते. डावा हात त्याचं त्याचं काम करतो, डोक्याला विचारत नाही.

तिची आई, चतुराबाई, दाराशी जमिनीवर बसली होती. माझ्याकडे बघून म्हणाली, "मनी पोरना हात गया, साहेब." एवढंच, तीन-चार वेळा. मला त्यांची अहिराणी नीट येत नाही. एवढं मात्र कळलं.

७ फेब्रुवारी, शुक्रवार

रोहित सर, खैरनार आणि मी. दार बंद.

चारही प्रेसच्या पाचरी परवाच्या रात्रीत गायब झाल्यात. सरकारी निरीक्षक सतरा तारखेला येणार. अहवाल असा जायचाय की कंपनीत दोन्ही बटणं नियमाप्रमाणे चालू होती, कामगार बाईने लवकर काम उरकायला स्वतःच्या मर्जीने लाकूड घातलं. तिचीच चूक ठरली म्हणजे भरपाईची जबाबदारी अंगावर येत नाही.

मग कॅलेंडर निघालं. फेब्रुवारीच चालू आहे, प्रत्येक भिंतीवर तेच पान. रोहित सरांनी पहिल्यांदा ते नीट पाहिलं, असं मला वाटलं. रंग उडाला त्यांचा. शिपायांना सांगून कंपनीतली सगळी पानं फाडायला लावली, ग्राहकांकडेही माणूस पाठवला, 'छपाईत चूक आहे' म्हणून.

खैरनार म्हणाला, "एखादं पान राहिलंच बाहेर तर? त्यापेक्षा याचाच उपयोग करा. गोरक्षला सहा महिन्यांपासून माहीत होतं. त्याने वरिष्ठांना कळवलं नाही, चित्रं काढत बसला. द्या नोटीस."

नोटीस मी लिहायची, कारण माझी मराठी चांगली आहे.

निवृत्तीला पाच वर्षं आहेत. या वयात दुसरीकडे कोण उभं करणार? आणि तसं पाहिलं तर गोरक्षने लेखी कुठे कळवलं होतं? लेखी काहीच नाही. दोन मसुदे केले, दुसरा जास्त चांगला उतरला.

१० फेब्रुवारी, सोमवार

गोरक्षला नोटीस दिली. उभ्या उभ्या वाचली. 'वरिष्ठांना कळवले नाही' या ओळीवर बोट ठेवलं.

"साहेब, मी तुमाला इचारलं व्हतं."

"तू चित्राचं विचारलं होतंस."

"चित्राचं कशाला इचारीन? चित्र तर मी काढीतच व्हतो. चित्राला कोण परवानगी मागतं?"

मी कागद सरळ करत बसलो.

"ज्याला परवानगी लागती त्याचीच मागितली. तुमी काढ म्हणले, मी काढली. दुसऱ्या दिवशी तुमीच नाय म्हणले. मग म्हटलं, मशीनमधली काढू देत नाय, तर कागदावर काढतो. लाल करतो. कुणाला तरी दिसंल."

आवाज चढवला नाही त्याने. चढवला असता तर बरं झालं असतं, मला चिडता आलं असतं. नोटिशीची घडी खिशात घातली आणि रंगांची पेटी माझ्या टेबलावर ठेवून गेला. कंपनीची आहे, म्हणाला.

१२ फेब्रुवारी, बुधवार

कट्ट्याला कोणी आलं नाही. सावळीराम तेवढा येऊन बसला, भारूड म्हणाला नाही, वडाही खाल्ला नाही.

घरी येऊन ही डायरी पुढे उलटली. ऑगस्टची पानं काढली. सात तारखेला माझ्याच अक्षरात आहे, काढ, बिनधास्त काढ, कोणी काही बोललं तर माझं नाव सांग. त्याने सांगितलं माझं नाव. मी हात वर केले.

सात तारखेला माझा घोटाळा झाला, मान्य. तेव्हा मला पाचर माहीत नव्हती. पण आठ तारखेला खैरनारने सगळं फोड करून सांगितलं होतं, बटणं कशासाठी, हात कसा वाचतो, तेही मीच लिहून ठेवलंय. ते ऐकून झाल्यावर त्याने विचारलं, हो की नाही. मला फक्त 'हो, मीच सांगितलं' एवढंच म्हणायचं होतं. तीन शब्द. पाचरी त्या डब्यातच राहिल्या असत्या. निदान त्या दिवशी तरी. मी कट्टा वाचवत बसलो.

सातपूरच्या टाकीचं मी वीस वर्षं कौतुकाने सांगत आलोय. ती टाकी नाटकाने धुतली गेली नाही, साहेब वाक्य ऐकत होते म्हणून धुतली गेली. आम्ही गोरक्षला कागद दिला, रंग दिले, बुधवारचा तास दिला, भिंत दिली. आणि त्याने जे सांगितलं त्याचं नाव बदलून छापलं. कंपनीने त्याच्या कलेपासून सगळे फायदे घेतले, खरा होता तो एक सोडून.

मोहिनी बाहेर आली, म्हणाली, "मीही विचारलं होतं तुम्हाला." मग म्हणाली, "आता काय करणार?" भीती वाटते आहे, हे खरं.

१७ फेब्रुवारी, सोमवार

निरीक्षक आले. पन्नाशीचे गृहस्थ, बोलणं हळू. अहवाल वाचला, प्रेस पाहिला. मग ऑफिसमध्ये बसून एकेकाचे जबाब. खैरनार म्हणाला, लाकूडबिकूड आम्ही कधी पाहिलंच नाही. रोहित सरही तेच म्हणाले.

माझ्या पिशवीत स्वयंपाकघरातलं कॅलेंडर होतं आणि ही डायरी होती. सकाळी निघताना मोहिनीने कॅलेंडरचा खिळा मोकळा बघितला आणि डबा हातात दिला.

कॅलेंडर टेबलावर ठेवलं. निरीक्षकांनी ते जवळ ओढलं.

"हे चित्र कोणी काढलं?"

"गोरक्षने."

"आणि ही पाचर?"

"तीही त्यानेच काढली होती. मशीनमधून. आठ ऑगस्टला सकाळी. त्याच दिवशी दुपारी ती परत लावली गेली. लावण्याआधी मला विचारलं होतं, मी थांबवलं नाही."

खैरनार उठून उभा राहिला. मी डायरी उघडली आणि दोन्ही दिवसांचं वाचून दाखवलं, 'प्रॉडक्शनचं प्रॉडक्शनवाले जाणोत' पर्यंत. पुढचं वाचवेना, म्हणून डायरी त्यांच्याकडे सरकवली. त्यांनी चित्राचे आणि पानांचे फोटो घेऊन दोन्ही परत केलं. मी जबाबावर सही केली.

रोहित सर गेटपर्यंत आले. "आहेर साहेब, उद्यापासून येऊ नका. कंपनीच्या मुळावर उठलात तुम्ही." मग म्हणाले, "मी या लोकांसाठी काय नाही केलं?"

खोटं बोलत नव्हते. त्यांना मनापासून तसं वाटतं. मलाही वाटत होतं.

२३ फेब्रुवारी, रविवार

गोरक्ष नोटिशीला उत्तर न देता कळवणला गेला. मी जबाबाची हकीकत कळवली, फोन त्याच्या भावाने घेतला. गोरक्ष शेतात आहे, म्हणाला. एक ट्रॉली रंगवायला आली होती, ती त्याने परत पाठवली.

तेजलने सावळीरामाकडे निरोप दिला होता, ते चित्राचं पान कुठे मिळालं तर पाहिजे. कंपनीतली सगळी फाडली गेलीत. आमचं होतं. नऊ तारखेवर मोहिनीने 'गॅस आला' लिहिलंय, म्हटलं असू दे, आणि घेऊन चुंचाळ्याला गेलो.

एकच खोली. चतुराबाई पाणी देऊन दारात जाऊन बसल्या. तेजल भिंतीला टेकून होती, उजवा हात ओढणीखाली. कोनाड्यात मेंदीचे तीन कोन होते, वाळून कडक झालेले. मी पान तिच्या मांडीवर ठेवलं. तिने डाव्या हाताने ते सरळ केलं आणि बघत बसली.

"हात चांगला काढलाय," म्हणाली.

मी पाण्याचा पेला खाली ठेवला.

"नाव कोणी बदललं? त्याने पाचर ठेवलं होतं."

"मी."

खिशातलं पेन काढून मी 'एकाग्रता' खोडलं आणि वर 'पाचर' लिहिलं. तिने अडवलं नाही. तुझी चूक नव्हती असं मी लिहून दिलंय, म्हटलं. त्याचं काय होईल ते सांगता येत नाही, पण लिहून दिलंय. तिने मान हलवली.

मग म्हणाली, "एक दिवस पाचर नव्हती, माहीत आहे साहेब? सकाळी गोरक्षने सगळ्यांच्या काढल्या. म्हणाला, आहेर साहेबांनी काढायला सांगितल्या. मी चार-साडेचार तास दोन्ही हातांनी बटणं दाबली. माल कमी निघत होता, सुपरवायझर ओरडत होता, पण मला इतकं मोकळं वाटलं. दोन वर्षांत पहिल्यांदा मी मशीनवर इकडेतिकडे बघितलं. आईला फोन करून सांगितलं, आमचे एक साहेब चांगले आहेत." तिने पानाचा कोपरा दाबून बसवला. "तारीख नाही आठवत. पावसाळा होता."

"आठ ऑगस्ट."

"तुमच्या बरी लक्षात राहिली."

"डायरीत आहे."

"हो का?" पानावरची नजर तिने उचलली. "काय लिहिलंय त्या दिवशीचं?"

दुसरं काहीतरी सांगता आलं असतं. जिभेवर आलंही होतं.

"घोळ मिटला, असं लिहिलंय," मी म्हणालो.